अकराच्या जागी मी, दहाचा पाना

मी एक पाना बोलतोय. दहाचा पाना. एका टोकाला उघडं तोंड, दुसऱ्या टोकाला गोल कडं, आणि मधे वीतभराहून कमी लांबीची दांडी. नट घट्ट करणं आणि नट सैल करणं, एवढी दोनच कामं मला येतात. तरीही माझ्या आयुष्यात एक सकाळ अशी आली, की तिची आठवण काढली तरी आजही माझं लोखंड तापतं.

माझा जन्म जालंधरचा. लालबुंद सळईचा तुकडा साच्यात ठेवला, वरून घण आदळला आणि मी झालो. त्या दिवशी माझ्यासारखी हजारभर भावंडं त्याच साच्यातून निघाली. आम्हाला तेलात बुडवलं, चकाकी दिली, खोक्यात भरलं आणि ट्रकमध्ये घातलं. कोण कुठे गेलं देव जाणे. मी गोंदियाच्या बाजारात एका दुकानाच्या खिळ्यावर लटकलो.

तिथून मला मनिराम यांनी उचललं. बिरसीच्या शिवारात त्यांची चार एकर धानाची जमीन. धानाच्या बांध्यांना, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यांना, पाणी द्यायची मोटार तेच दुरुस्त करायचे, आणि हळूहळू आजूबाजूच्या लोकांच्या मोटारीही त्यांच्याकडे येऊ लागल्या. माणूस कमी बोलायचा. हात मात्र असा जाणता, की नटाला त्रास न देता नट फिरवायचा.

शेजारीपाजारी मला मागून न्यायचे आणि परत द्यायला विसरायचे. म्हणून मनिरामांनी एकदा पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला पिवळा रंग घेतला आणि माझ्या दांडीभोवती एक पट्टा ओढला. तेव्हापासून मी मनिरामांचा पाना म्हणून गावात ओळखला जाऊ लागलो.

त्यांची मुलगी प्रेरणा मोटारीपाशी बसून राहायची. बाबांनी हात पुढे केला, की मागायच्या आत योग्य पाना हातावर ठेवायची. डोक्यावरून विमानं जायची. बिरसीच्या धावपट्टीवरून उडणारी ती छोटी विमानं, शिकाऊ वैमानिकांची. धान लावणाऱ्या बायका कंबर सरळ करून वर पाहायच्या आणि परत वाकायच्या. प्रेरणा मात्र विमान दिसेनासं होईपर्यंत पाहत राहायची. एकदा तिनं बाबांना विचारलं, की त्याचे नट कोण कसतं. मनिराम म्हणाले, ‘‘कसत असन कोणीतरी.’’

ते कोणीतरी आपणच व्हायचं, असं तिच्या मनानं तेव्हाच घेतलं असावं. बारावीनंतर ती नागपूरला विमान दुरुस्तीचं शिकायला गेली आणि परीक्षा पास होऊन परत बिरसीलाच आली. वैमानिक घडवणाऱ्या एका खासगी कंपनीची दोन छोटी विमानं तिथं होती. त्यांच्या देखभालीला पाच-सहा माणसं होती, त्यात ही एकटी मुलगी. पहिल्या दिवशी निळा डगला घालून ती घरून निघाली, तेव्हा मनिराम दारात उभे होते. त्या दिवशी मोटारीचा एक नट त्यांनी दोनदा कसला. मला कळलं.

हँगरमधल्या, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडमधल्या, गोष्टी मला घरी बसून कळायच्या. प्रेरणा जेवताना सगळं सांगायची. विमानाच्या कामात एक नियम फार कडक असतो. जेवढी अवजारं कामाला बाहेर काढली, तेवढी सगळी परत आली पाहिजेत. एखादा पाना विमानाच्या पोटात राहिला आणि उडताना घसरून कुठल्या तारेत अडकला, तर वैमानिकाच्या हातातला दांडा हलेनासा होतो. म्हणून अवजारं देताना एक यादी लिहायची आणि परत घेताना दुसरी. मग दोन्ही याद्यांत तीच अवजारं आहेत का, ते पाहायचं. घरचं अवजार तर हँगरमध्ये न्यायचंच नाही. त्याला सक्त मनाई.

हे काम बकाराम पाहायचे. स्टोअर त्यांच्या ताब्यात. निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष उरलेलं, चष्मा नाकाच्या टोकावर, अक्षर मोत्यासारखं. अडचण अशी होती, की दोन याद्या एका क्रमानं कधीच नसायच्या. सकाळी ज्याला जे लागेल ते तो मागणार, आणि परत येताना सगळं एका ट्रेमध्ये गोळा होऊन येणार. पहिल्या यादीतलं एक नाव घ्यायचं आणि ते दुसऱ्या यादीत शोधायचं, सापडलं की खूण करायची, मग पुढचं नाव. एका मोठ्या तपासणीला एकशे अठरा अवजारं निघायची. दीड तास सहज जायचा. घाईच्या दिवशी एवढा वेळ कोणाकडे होता?

प्रेरणानं एकदा हिशोब मांडून दाखवला, की एकेका नावासाठी पूर्ण यादी चाळली तर वाईटात वाईट चौदा हजार वेळा पाहावं लागेल.

बकाराम म्हणाले, ‘‘चौदा हजार वेळा पाहायले माझे डोळे का सरकारी आहेत? म्हणूनच तं मी मोजून राहिलो. एकशे अठरा गेले, एकशे अठरा आले. झालं.’’

तिनं विचारलं, की शाळेची सहल नागझिऱ्याला गेली, चाळीस पोरं गेली आणि चाळीसच परत आली, पण त्यातलं एक दुसऱ्याच शाळेचं निघालं तर? बकाराम हसले. पोरीला उगाच शंका काढायची सवय आहे म्हणाले.

कैलाश नावाचा एक मेकॅनिक होता, हाताचा चपळ. त्याची वेगळीच पद्धत होती. ट्रेवर नजर फिरवायची आणि सगळे प्रकार आहेत का बघायचं. दहाचा आहे, अकराचा आहे, बाराचा आहे, पेचकस आहे, पक्कड आहे. सगळे प्रकार दिसले, की सामान पूर्ण. पण दहाचे पाने तिथं चार होते आणि अकराचे तीन. तीनपैकी दोनच परत आले तरी कैलाशला अकराचा दिसणारच, हे त्याच्या ध्यानात येत नसे.

प्रेरणानं आधी दोन्ही याद्या एका क्रमानं लावून शेजारी शेजारी वाचून पाहिल्या. ते बरं होतं, पण याद्या लावण्यातच वेळ जायचा. मग तिला तिसरी वाट सुचली. घरी खाटेवर बसून ती वहीत रेघा ओढत होती, मी शेजारच्या कोनाड्यात होतो. प्रत्येक प्रकाराचं एक घर करायचं. पहिली यादी वाचताना ज्याचं नाव येईल त्याच्या घरात एक रेघ वाढवायची. दुसरी यादी वाचताना त्याच घरातली एक रेघ खोडायची. शेवटी सगळ्या रेघा खोडलेल्या असल्या, तर दोन्ही याद्यांत तंतोतंत तेच सामान. शोधाशोध नाही, क्रम लावणं नाही. दोन्ही याद्या एकेकदाच वाचायच्या. चौदा हजारांच्या जागी दोनशे छत्तीस.

तिनं ते स्टोअरच्या जुन्या कॉम्प्युटरवर बसवलंही होतं. पण उमेंद्रसर, म्हणजे तिथले मुख्य इंजिनिअर, म्हणाले होते, ‘‘बाद में देखेंगे. आधी हातातलं काम होऊ दे.’’

आता त्या सकाळचं सांगतो.

फेब्रुवारी महिना होता. उन्हाळी धानाची रोवणी चालू होती. प्रेरणा निघायच्या घाईत होती आणि तिच्या स्कुटीचा आरसा लटपटत होता. तिनं कोनाड्यातून मला उचललं, आरशाचा नट कसला आणि सवयीनं डगल्याच्या खिशात टाकलं. मला परत ठेवायचं ती विसरली. अशा रीतीनं, नियम मोडून, मी विमानाच्या हँगरमध्ये शिरलो.

काय सांगू तुम्हाला! बांधीच्या चिखलात वाढलेला मी, आणि समोर पांढरंशुभ्र विमान. त्याची मोठी तपासणी आदल्या दिवसापासून चालू होती. पोटाखालच्या, शेपटीकडच्या झडपा उघड्या. आत बारीक तारा, चाकं, नळ्या. खिशाच्या कडेवरून मी डोकावत होतो आणि मला वाटत होतं, मलाही एखादा नट मिळावा.

मिळाला. पण विमानाचा नाही. अवजारांच्या ट्रॉलीचा दांडा सैल झाला होता. प्रेरणानं खिशात हात घातला, मी हाताला लागलो, तिनं तो नट कसला आणि मला ट्रॉलीवरच ठेवलं. तेवढ्यात पलीकडून कोणी हाक मारली आणि ती गेली. चूक काही ढोल वाजवत येत नाही. हात आपलं काम करत असतो आणि डोकं दुसरीकडे असतं.

मी ट्रॉलीवर पडून सगळं पाहत होतो. कैलाश शेपटीपाशी झोपून काम करत होता. त्याच्या हातात अकराचा पाना होता. आतल्या तारेच्या चाकाचा नट कसून झाला, तेव्हा त्याला टॉर्च हवा होता. त्यानं पाना आतच एका कडेवर टेकवला आणि टॉर्चला हात घातला. टॉर्च लावून पाहिलं, नट नीट बसला होता. समाधानानं तो बाहेर आला आणि झडप बंद करू लागला.

अरे, तो आत राहिला! मी ओरडलो. पण पान्याला आवाज कुठला? कैलाशनं झडपेचे सगळे स्क्रू बसवले. मग ट्रॉलीवरचं सामान दोन्ही हातांनी गोळा करून ट्रेमध्ये लोटलं. त्यात मीही गेलो.

त्या दिवशी गुंजन नावाच्या मुलीचं एकटीनं पहिलं उड्डाण होतं. तिरोड्याची, वीस वर्षांची. तिचे वडील केशोराव पहाटेच्या एसटीनं आले होते आणि धुतलेलं धोतर नेसून कुंपणापलीकडे उभे होते. दुसऱ्याची बांधी ठेक्यानं करणारा माणूस. मुलगी उडणार म्हणून रोवणी एक दिवस थांबवून आला होता. आधी शिक्षकांसोबत एक चक्कर, मग ते उतरणार आणि गुंजन एकटी जाणार, असं ठरलं होतं. दहा वाजताची वेळ होती.

साडेनऊला ट्रे स्टोअरच्या टेबलावर आला. बकारामांनी एकेक अवजार उचलून दुसरी यादी लिहिली आणि मोजली. एकशे अठरा. चष्मा पुसून परत मोजली. एकशे अठराच. कैलाशनं वाकून नजर फिरवली, सगळे प्रकार आहेत म्हणाला. बकारामांनी कागदावर सामान पूर्ण असं लिहिलं, उमेंद्रसरांनी खाली सही केली आणि विमान बाहेर ओढलं गेलं.

मोजणी चुकली नव्हती हो. माणसं लबाड नव्हती. एकशे अठरा खरोखरच होते. फक्त त्यातला एक मी होतो.

प्रेरणा स्टोअरमध्ये आली ती कागद ठेवायला. दोन्ही याद्या टेबलावर पाहून तिला राहवलं नाही. विमान निघायला अजून वेळ आहे, तोवर आपली पद्धत एकदा पाहू, असं ती बकारामांना म्हणाली आणि कॉम्प्युटर चालू केला. पडदा उजळला न उजळला तोच लाइट गेली.

दुसरं कोणी असतं तर तिथंच सोडून दिलं असतं. प्रेरणानं खडू घेतला. समोर हिरवं लोखंडी कपाट होतं. त्याच्या दारावर तिनं अवजारांची नावं लिहिली. बकारामांना म्हणाली, की दादा, तुम्ही पहिली यादी वाचा, भरभर, मधे थांबू नका.

‘‘कायले येवढं डोकं लावून राहिली वं?’’ बकाराम पुटपुटले. पण वाचू लागले.

खडू टकटक चालला. दहाचा, रेघ. पेचकस, रेघ. बाराचा, रेघ. अकराचा, रेघ. एकशे अठरा रेघा कपाटाच्या दारावर उभ्या राहिल्या. बाहेर विमानाचं इंजिन सुरू झालं. त्याचा आवाज पत्र्यावर आदळू लागला आणि ट्रेमध्ये आम्ही सगळे थरथरू लागलो.

मग दुसरी यादी. आता रेघा खोडायच्या. बकारामांचा आवाज आपोआप वाढला होता. पक्कड, खोड. दहाचा, खोड. आठचा, खोड. दहाचा, खोड. माझा जीव लोखंडात मावेना. वाचा दादा, पुढे वाचा, मी मनातल्या मनात म्हणत होतो. तेराचा. दहाचा. अकराचा. दहाचा. आणि थोड्या वेळानं बकारामांनी परत म्हटलं, ‘‘दहाचा.’’

खडू थांबला.

दहाच्या घरात खोडायला रेघच उरली नव्हती. चार गेले होते आणि हा पाचवा परत आला होता.

बकारामांनी यादीकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं. म्हणाले, ‘‘एक जास्तच आला तं बरंच आहे ना. कमी तं नाही.’’

‘‘दादा, एकूण सारखेच भरले ना?’’ प्रेरणा म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. ‘‘एकूण सारखे आणि एक जास्त. मंग दुसरा कोणतातरी एक कमी आहे.’’

तिनं ट्रेमध्ये हात घातला आणि दहाचे पाने बाजूला काढले. एक, दोन, तीन, चार. पाचव्याला पिवळा पट्टा होता.

तिचा हात माझ्याभोवती आवळला. मला ते अजून आठवतं. हा पाना बाबांचा आहे, हा आपणच आणला, आणि हा इथं आल्यामुळेच आकडा बरोबर भरला, हे सगळं तिला एकदम कळलं.

आता खरं सांगतो, त्या क्षणी तिच्यासमोर एक सोपी वाट होती. मला परत खिशात टाकायचं. मग ट्रेमध्ये एकशे सतरा राहिले असते. बकारामदादांचं मोजणं चुकलं असं म्हणायचं, विमान थांबवायचं. विमान वाचलं असतं, नोकरी वाचली असती, नियम मोडल्याचं कोणाला कळलं नसतं. दोष फक्त त्या म्हाताऱ्याच्या चष्म्यावर गेला असता.

तिनं खिशाकडे हात नेला. एवढं मी पाहिलं. मग तिनं बकारामांकडे पाहिलं. ते गोंधळून परत ट्रे मोजायला लागले होते. बोट एकेका अवजारावरून सरकत होतं, एक, दोन, तीन.

‘‘दादा, तुमचं मोजणं बरोबर होतं,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही राहिलेली यादी वाचून खोडा. कोणती रेघ उरते ते पाहून मले ओरडून सांगा.’’

आणि मला मुठीत धरून ती धावत सुटली.

ते धावणं! स्टोअरचं दार, हँगरची गुळगुळीत फरशी, मग उघडं ऊन आणि सिमेंट. विमान धावपट्टीच्या टोकाकडे वळत होतं. पंख्याचा नुसता गोल धूसर दिसत होता. उमेंद्रसर हातात रेडिओ घेऊन उभे होते. धापा टाकत ती त्यांच्यासमोर आली आणि मूठ उघडली.

‘‘सर, हा पाना माझा आहे. घरचा. माझ्या चुकीनं ट्रेमध्ये आला, म्हणून एकशे अठरा भरले. आपला एक पाना विमानात आहे.’’

‘‘कौनसा?’’

‘‘अजून माहीत नाही, सर. पण आहे. नक्की आहे.’’

उमेंद्रसर रागीट माणूस. पण त्यांनी एक शब्द वाया घालवला नाही. रेडिओ तोंडाशी नेला आणि विमान आहे तिथं थांबवायला सांगितलं. धावपट्टीच्या तोंडाशी विमान थबकलं. धूसर गोल हळूहळू पंख्याची दोन पाती झाला आणि थांबला. सगळीकडे इतकी शांतता पसरली, की हँगरमधून बकारामांचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

‘‘अकराचा! अकराची एक रेघ उरली!’’

कैलाश तिथंच उभा होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. तो पेचकस घेऊन विमानाकडे पळाला आणि शेपटीखाली झोपून झडपेचे स्क्रू काढू लागला. घाईत पेचकस सारखा निसटत होता, म्हणून शेवटचे दोन प्रेरणानं काढले.

अकराचा पाना आतच होता, फक्त कैलाशनं ठेवला त्या कडेवर नव्हता. विमान चालताना हादऱ्यांनी घसरून तो तारेच्या चाकाला येऊन टेकला होता. पाना काढायच्या आधी, काय झालं असतं ते पाहायला, उमेंद्रसरांनी गुंजनला दांडा अलगद मागे ओढायला सांगितला. जमिनीवरून उठताना ओढतात तसा. तार हलली, चाक फिरलं, आणि पाना चाकात जाऊन असा रुतला, की दांडा अर्ध्यावर अडकला. मागे येईना, पुढे जाईना.

गुंजननं दांड्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला. शिक्षक खिडकीतून बाहेर पाहत राहिले. दहा मिनिटांनी ती दोघं जमिनीपासून कितीतरी वर असती.

कैलाश विमानाच्या सावलीत खाली बसला, डोकं गुडघ्यांत घालून. बकाराम हळूहळू चालत आले. त्यांनी आधी कैलाशच्या पाठीवर हात ठेवला. मग प्रेरणाजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, की तिला पाना लपवता आला असता हे त्यांच्या लक्षात आलं आहे.

‘‘काऊन नाही लपवला?’’ त्यांनी विचारलं.

‘‘तुम्ही दोनदा मोजलं होतं, दादा,’’ प्रेरणा म्हणाली.

बकारामांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

शेपूट पूर्ण उघडून तपासलं गेलं. तारा, चाकं, सगळं पाहिलं. काही इजा झाली नव्हती. या वेळी दोन्ही याद्या कपाटाच्या दारावरच पडताळल्या. कैलाशनं वाचल्या, बकारामांनी खोडल्या. एकही रेघ उरली नाही आणि एकही कमी पडली नाही. शिक्षकांसोबतची चक्कर झाली आणि दुपारी तीन वाजता गुंजन एकटी उडाली. कुंपणापलीकडे केशोराव सकाळपासून तसेच उभे होते. विमानाला काही बारीक अडचण आली, एवढंच त्यांना कळलं होतं. लेकीचं विमान उचललं गेलं तेव्हा ते टाळ्या वाजवू लागले आणि विमान उतरेपर्यंत वाजवत राहिले. ती टाळी मी उमेंद्रसरांच्या टेबलावरून ऐकली.

नियम तो नियम. उमेंद्रसरांनी अहवाल लिहिला. कैलाशचं नाव लिहिलं, प्रेरणाचं लिहिलं आणि न पडताळता सही केली म्हणून आपलंही लिहिलं. प्रेरणाला पंधरा दिवस विमानाला हात लावायची मनाई झाली. कैलाशला परत प्रशिक्षणाला पाठवलं. मला मात्र पुरावा म्हणून एका पाकिटात घालून कुलुपात ठेवलं. अवजाराला तुरुंग काय असतो, तो मी आठवडाभर भोगला.

ते पंधरा दिवस प्रेरणानं स्टोअरमध्ये काढले. ती आणि बकाराम मिळून एकेका अवजारावर नंबर कोरत बसले, म्हणजे चारही दहाचे आता वेगवेगळे ओळखू येतात. तिची रेघांची पद्धत कॉम्प्युटरवर चढली. लाइट गेली तर कपाटाचं दार आहेच. ते पुसायला बकाराम कोणाला देत नाहीत. नवीन मुलगा आला, की त्याला समोर उभा करून सांगतात, की एकूण किती ते आधी पाहा, कारण तेच चुकलं तर पुढे पाहायची गरजच नाही. पण एकूण जुळलं म्हणून तिथं थांबू नको. प्रकार सगळे दिसले म्हणूनही थांबू नको. कोण किती गेले आणि कोण किती आले, ते घरोघर विचार.

पाकिटातून सुटून मी प्रेरणासोबत घरी आलो, त्या दिवशी तिनं मनिरामांना सगळं सांगितलं. शिक्षेचंही. ते मोटारीपाशी उकिडवे बसले होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘सांगून देलं ना तू? मंग झालं.’’ आणि माझ्याकडे हात पुढे केला.

आता मी म्हातारा झालोय. तोंडाची धार थोडी झिजली आहे, कडेला गंज धरतोय, पिवळा पट्टा जागोजागी उडालाय. तरी रोवणीच्या दिवसांत रोज कामावर असतो.

मागच्या आठवड्यात प्रेरणासोबत गुंजन शेतावर आली होती. आता ती पूर्ण वैमानिक झाली आहे. तिनं मनिरामांना विचारून मला हातात घेतलं. मला वाटलं, काहीतरी मोठं बोलेल. पण तिला मोटारीचा एक नट सैल दिसला, तो कसायला ती वाकली आणि उलट्या बाजूनं फिरवू लागली.

मनिराम म्हणाले, ‘‘पोरी, इकडून. विमान उडवतेस आन् नट कसता येत नाही?’’

तिघंही हसली. गुंजननं नट नीट कसला. मोटार चालू झाली आणि पाणी भसकन बांधीत पडलं.

वाचणाऱ्यांनो, माझं मागणं थोडंच आहे. दोन गोष्टी सारख्या आहेत असं कोणी सांगितलं, तर रागावू नका, भांडू नका, पण एकदा खडू हातात घ्या. आणि त्या रेघांमध्ये तुमचीच चूक सापडली, तर मूठ उघडून दाखवा. मूठ उघडताना हात फार जड होतो, ते मला ठाऊक आहे. मी त्या मुठीत होतो.

बरं, येतो. पलीकडच्या बांधीवरची मोटार बंद पडली म्हणतात, आणि मनिरामांनी हात पुढे केलाय.